पिवळा बिल्ला

कर्णबधिर मुलांच्या पालकांचं संमेलन भरवणाऱ्या हेमांगीताईंनी यंदाही तिकीट सहाशे ठेवलं, पिवळं रेशनकार्ड दाखवणाऱ्याला शंभर. मग गेल्या वर्षी आलेल्या नामदेव खिल्लारेंचा फोन आला.

"ताई, यंदा आम्ही येत नाही. सवलत दिलीत, उपकार झाले. पण आमच्या गळ्यात पिवळा बिल्ला आणि बाकीच्यांच्या निळा. पोरीला ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं."

ते रंग ताईंनीच निवडले होते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी ठरवून टाकलं. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं बंद पाकिटातून द्यावं, बिल्ला मात्र सगळ्यांना एकच.

"खर्च भागला नाही तर?" कुणीतरी विचारलं.

"जेवणात पक्वान्न करायचं नाही."

संमेलनाला खिल्लारे पोरीला घेऊन आले. या वेळी बायकोही सोबत होती.