अनातोलीसाठी मतदान

रशियातल्या एका मोठ्या क्लबचा गोलकीपर अनातोली गुडघा गेल्यावर नेदरलँड्सला आला आणि आइंडहोवनजवळच्या छोट्या क्लबात मुलींच्या टीमचा कोच झाला. युक्रेनवरचं युद्ध सुरू झालं तेव्हा तो त्याविरुद्ध उघडपणे बोलला. त्याच्या गावच्या स्टेडियममधून त्याचा फोटो उतरवला गेला. आई वारली, तरी अटकेच्या भीतीने त्याला तिकडे जाता आलं नाही.

आणि आता इथले काही पालक म्हणू लागले, "आम्हाला रशियन कोच नको."

भारतातून येऊन इथे स्थायिक झालेला देवदत्त नुकताच क्लबच्या कमिटीवर निवडून आला होता. बॉल आला की डोळे मिटणारी त्याची मुलगी भार्गवी अनातोलीच्या हाताखाली पेनल्टी अडवायला शिकली होती. तो कमिटीच्या मीटिंगला निघाला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, यू विल टेल देम, राइट?"

"हो गं," तो म्हणाला.

मीटिंगमध्ये अनातोली समोरच बसला होता. त्याला काढायच्या बाजूने एकेक हात वर गेला. देवदत्तने इकडेतिकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी या लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. त्यानेही हात वर केला.

गळ्यातली शिट्टी काढून अनातोलीने टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

बाहेर पडताना अध्यक्षांनी देवदत्तच्या खांद्यावर हात ठेवला. ते मनापासून हसत होते.

"बरं वाटलं. आम्हाला भीती होती, तुम्ही परदेशी लोक एकमेकांना धरून राहाल."