लाजरीची साक्ष

"आई, कोंबड्यांना दाणा घातलास का?"

लेकीनं पर्स अजून खांद्यावरून उतरवलीही नव्हती. प्रश्न अगदी सहज विचारला होता, पण टेलरबाई सावध झाल्या. लेक नर्स होती. तिचे सगळेच प्रश्न सहज असत आणि उत्तरं ती मनातल्या मनात टिपून ठेवी.

बाईंना आठवेना. दुपारी आपण उठलो, चूळ भरली, मागच्या अंगणात गेलो, इथपर्यंत नीट होतं. पुढे दाण्याचा डबा उघडला, तो आजचा की कालचा? चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या गल्लीचे कपडे शिवले होते. कुणाचा खांदा किती न् कुणाची कंबर किती, वही न बघता सांगत. आता दुपारचं संध्याकाळी आठवायचं म्हणजे घाम फुटायचा.

गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून त्या शेजारणीकडे जाऊन बसल्या. पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हाच लेकीनं निक्षून सांगितलं होतं, "पुन्हा असं काही झालं, की तुला माझ्याकडे नेणार. कोंबड्या देऊन टाकू कुणाला तरी." लेक चौथ्या मजल्यावर राहायची. "तुमच्या चौथ्या मजल्यावर कोंबडी चढते ती पिशवीतून, आणि उतरत तर नाहीच," असं बाई हसत म्हणाल्या होत्या खऱ्या. पण पुढे चार दिवस त्यांना घास गोड लागला नव्हता. सकाळी उठायला त्यांच्याजवळ कारणं होती नऊ, आणि नऊही अंगणात होती.

"चल, फौजदारीण कोंबडी केवढी झालीय बघ तरी," असं म्हणून बाई मागच्या दारानं बाहेर पडल्या.

त्यांचं पाऊल वाजताच नऊच्या नऊ कोंबड्या धावत सुटल्या आणि पायात घोटाळू लागल्या, जशा काही चार दिवसांच्या उपाशी. पण त्यावर काय विश्वास ठेवायचा! कोंबडीला विचाराल, तर ती जन्मात कधी जेवलेलीच नसते. रिकाम्या परातीचंही तेच. उरलंसुरलं चिमण्या टिपून नेतात. बाईंनी डब्यात आतून खडूच्या खुणाही करून पाहिल्या होत्या. खूण दिसायची, पण ती कोणत्या दिवशी केली ते आठवायचं नाही.

लेक मागोमाग आलीच. "घातला नसशील तर मी घालते," ती म्हणाली आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं.

"थांब गं जरा."

बाईंनी फौजदारिणीला उचललं. ही सगळ्यांवर हुकूम गाजवायची, म्हणून हे नाव. बाईंची बोटं पिसांखालून तिच्या गळ्याशी, छातीच्या किंचित वर सरकली. कोंबडी खाते ते आधी तिथल्या पिशवीत साठतं. खाल्लेलं असेल तर बोटांना लिंबाएवढी टणक गाठ लागते, उपाशी असेल तर नुसतं कातडं. गाठ लागली. पण बाईंचं समाधान होईना. फौजदारीण एक नंबरची हावरी. किडे-मुंगळे हाणूनही तिनं पिशवी भरली असेल. खरी साक्ष लाजरीची. लाजरी भित्री, सगळ्यांच्या चोची खाऊन परातीशी पोचायची ती सर्वांत शेवटी. तिला मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं.

लाजरी काही हाती लागेना. बाई कुंपणापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. लेक डबा हातात धरून बघत उभी होती. शेवटी पाण्याच्या टाकीमागे लाजरी सापडली.

"तिच्या गळ्याशी काय चाचपतेस?"

"माया करतेय. करू नको का?"

बोटांना गाठ लागली. चांगली टम्म. जरा दाबली तर आत दाणे कुरकुरले.

"घातला की!" बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत निघाला. "मगाशीच घातला. तुला काय वाटलं, मी यांना उपाशी ठेवीन? एक वेळ मी उपाशी राहीन, पण यांना नाही ठेवायची."

लेकीनं झाकण लावलं. तिचे खांदे सैल झालेले बाईंना स्पष्ट दिसले.

"खरं सांगू का, आज तुझे कपडे भरायचे असं ठरवूनच आले होते," लेक म्हणाली. "जिवाला घोर लागलेला असतो गं माझ्या. पण राहा बाई तुझ्या कोंबड्यांजवळ. मी नाही काही म्हणत."

ती चहा टाकायला आत गेली. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच पायरीवर टेकल्या. लाजरीला त्यांनी काखेतून सोडलंच नाही. या भित्र्या जिवानं आज आपलं घर राखलं, असं त्यांना वाटत होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग थांबला. लेक मागच्या दारात आली. तिच्या हातात बाईंचं जेवायचं ताट होतं, कोरडं ठणठणीत.

"आई, तू जेवलीस ना दुपारी?"

बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं. पोटाला विचारून पाहिलं, पण पोटानं हल्ली काही सांगायचं सोडूनच दिलं होतं. लाजरी उडी मारून निघून गेली. लेक वाट बघत उभी होती, आणि बाईंची मोकळी झालेली बोटं हळूहळू वर जाऊन स्वतःच्याच गळ्याशी चाचपू लागली.