साठ टक्क्यांसाठी राखीव

खोलीत जागा चोवीस. बसलेली माणसं एकवीस. रिकामी स्टुलं तीन, आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली माणसंही तीनच.

उन्हाळी सत्राचा पहिला दिवस होता. रसायनशास्त्र विभागात जुनी रीत होती. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांनी पहिल्या दिवशी भिंतीशी उभं राहायचं. पंधरा मिनिटांत जो आला नाही त्याची जागा गेली, आणि ती भिंतीशी उभ्या असलेल्याला मिळाली. प्रयोगशाळेत शिकवणारी नायरी पंचवीस वर्षांची होती. तिनातून तीन वजा करणं तिला अवघड वाटत नव्हतं.

भिंतीशी पहिली होती ग्रिसेल्डा ओरोस्को. वय छत्तीस, अंगात पांढरा कोट, संरक्षक चष्मा कपाळावर चढवलेला. एवढा एक विषय सुटला की तिची पदवी पुरी. पदवी ऑगस्टअखेर हातात असली तर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी पक्की. नसली तर ती दुसऱ्या कुणाला.

"मिस, पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली," ग्रिसेल्डा म्हणाली. "का तुमचं घड्याळपण विद्यापीठाच्याच चालीनं चालतं?"

बसलेल्यांत हशा पिकला. नायरी संगणकाकडे वळली, तोच दारात ब्रॅडफर्ड लिंडक्विस्ट उगवला. 'विद्यार्थी-यश' विभागाचा उपसंचालक. हातात बर्फ घातलेली कॉफी.

"कॉफी आत आणता येत नाही," नायरी म्हणाली.

कॉफी ठेवून येण्याऐवजी तो उंबऱ्यावरच थांबला आणि तिथूनच बोलू लागला. "त्या तीन जागा धरून ठेवा. शुक्रवारपर्यंत. वरून सांगितलंय."

"कुणासाठी? आलंय कुठं कोण?"

"सहा वर्षांपूर्वी शाळेतून थेट आपल्याकडे आलेली तीन मुलं आहेत. तिघंही या एकाच विषयात अडकलीत. आपला पदवीचा दर, म्हणजे सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांची टक्केवारी, आज एकोणसाठ पूर्णांक आठ आहे. ती तिघं ऑगस्टअखेर सुटली, की साठ." 'साठ' म्हणताना त्याचा आवाज चर्चमध्ये शिरल्यासारखा खाली आला.

"आपण इतके मोलाचे आहोत हे त्यांना कळवलंय का?"

"ईमेल पाठवल्यात ना. एक म्हणाला, बघतो. एक अलास्कात कुठल्याशा बोटीवर मासे साफ करतोय म्हणे. तिसऱ्याचा पत्ताच नाही." त्याने नळीने कॉफीचा घोट घेतला. "मेला-बिला असता तर निदान हिशेबातून वगळता तरी आला असता. नियमात तशी सोय आहे. नुसता गायब झालेला माणूस मात्र आपल्याच माथी बसतो."

घरातल्या गळक्या नळाबद्दल बोलावं तसं तो बोलला. त्यात दुष्टपणा असता तर नायरीला त्याच्याविषयी थोडा आदर वाटला असता.

"आणि ही तिघं?" तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

त्याने तिकडे पहिल्यांदाच पाहिलं. "ट्रान्सफर ना?"

"दोन वर्षं दुसऱ्या कॉलेजात करून आलीत, हो. दोन वर्षं इथं झाली. आणि आज समोर उभी आहेत."

"ती या दरात धरतच नाहीत. त्यांचा दर वेगळा काढतात. आणि तो उत्तम आहे हो, ऐंशीच्या घरात! तिथं काही करायची गरज नाही."

"म्हणजे आम्ही वेळेत पास होतो," ग्रिसेल्डा म्हणाली, "म्हणून आम्हाला जागा नाही."

"असं कसं, असं कसं! तुम्ही तर आमची शान आहात. माहितीपत्रकावर तुमच्यासारख्यांचेच फोटो असतात."

"मग त्या फोटोला तरी एक स्टूल द्या."

पुन्हा हशा पिकला. लिंडक्विस्टही हसला, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"शुक्रवारी कुणी आलं नाही तर?" नायरीने विचारलं. "शुक्रवारी पाचला प्रवेशच बंद होतात."

"म्हणूनच तर शुक्रवारपर्यंत म्हटलं."

नायरी पुन्हा संगणकापाशी गेली. त्याच्यादेखत तिने ग्रिसेल्डाचा क्रमांक टाकला. पडद्यावर लाल पट्टी आली: जागा राखीव. तिन्ही जागांना सकाळी सातलाच कुलूप लागलं होतं; वर्ग सुरू व्हायला तेव्हा दोन तास होते, आणि कोण येणार नाही हे ठरायचंच होतं.

"मिस, नुसती बसू का? नाव नसलं तरी चालेल मला."

"मला नाही चालत. ॲसिड आहे इथं. नाव नाही तर विमा नाही." हे बोलताना आपला आवाज उंबऱ्यावरच्या माणसासारखा येतोय, हे नायरीला जाणवलं.

ग्रिसेल्डाने कोट काढला, घडी करून काखेत मारला. दारात तो अजून उभाच होता, त्याला तिने हातानेच बाजूला केलं.

"ते तिघं सापडले तर त्यांना सांगा साहेब," ती म्हणाली, "जागा म्हाताऱ्यांनी धरून ठेवली होती."

"उन्हाळा काय, पुढच्या वर्षीही येतोच," तो मागून म्हणाला.

गुरुवारी तिघांतला एक आला, रबरी चपला घालून. नायरीने नियमाप्रमाणे त्याला बंद बूट घालून यायला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि गेला, तो गेलाच. बाकीचे दोघे आलेच नाहीत.

एकतीस ऑगस्टला पदवीचा दर निश्चित झाला: ५९.८ टक्के.