भरलेली की रिकामी

वडिलांची जुनी रायफल नाकारून रायलीने स्वतःची पहिली रायफल निवडली. तिच्यावरची दुर्बीण चारदा जुळवली, तरी खडीच्या खाणीत सराव करताना एकही गोळी धड जागी लागेना. मूस या दांडग्या हरणाची शिकार उद्यावर आलेली. "बंदूक शहाणी आहे गं, तूच दचकतेस," तिचा म्हातारा बाप उर्हो डाफरला. पाठ फिरवून तो कधी काडतूस भरे, कधी रिकामीच तिच्या हाती देई. रिकामीचा नुसता खटका वाजे, पण नळी हले आणि दचकणं उघडं पडे. रायली चिडली. "बाबा, तुम्हीच मारून दाखवा." आता पाठ तिने फिरवली. उर्होने नेम धरून चाप ओढला. खटका वाजला. नळी वीतभर खाली गेली. मागच्या मोसमात त्याच्या हातून मूस जखमी होऊन पळाला, तेव्हा त्याने दोष वाऱ्यावर ढकलला होता. अखेर म्हाताऱ्याने बंदूक परत दिली. "पुन्हा दे. भरलेली की रिकामी, सांगू नकोस."