गेटवरची वही

कामगार खात्याचे साहेब फॅक्टरीच्या गेटवर तापाची वही चाळत होते. "एक दिवस चुकला नाही. शिस्त आहे हो तुमच्याकडे!" मॅनेजर खुलला.

वही वॉचमन दगडूने लिहिली होती. कोरोनात ताप मोजायचं यंत्र महिनाभर बंदच होतं. "सगळ्यांना सत्त्याण्णव टाक," मॅनेजर म्हणाला होता, आणि दगडूने टाकले होते.

"ही हौसाबाई कोण? पुढे नावच नाही हिचं," साहेबांनी दगडूला विचारलं.

"माझी बायको, साहेब. पॅकिंगला होती. कोरोनात गेली."

"आणि शेवटच्या दिवशीही सत्त्याण्णव?"

मॅनेजरने डोळे वटारले. नोकरी जाणार हे दगडूला कळत होतं, तरी तो बोललाच.

"अंग तापलं होतं तिचं. नको म्हणत होती. मीच म्हटलं, खाडा कशाला करतेस, गेटवर मी आहे की. तिच्या टेबलावरच्या दोघीही गेल्या, साहेब."