गल्लीची टॉफी

मेव्हिसनं उकळत्या पाकाचा एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला आणि दोन बोटांनी दाबून पाहिला. अजून चिवट होता. काळ्या काकवीचा पाक असा ऐन वेळी हट्टाला पेटतो. तिनं आच वाढवली नाही, नुसती ढवळत राहिली. मागचं दार तिनं मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. यॉर्कशरची नोव्हेंबरातली थंडी आत घुसत होती, पण वास बाहेर जायला हवा ना. पाच नोव्हेंबरला, होळी पेटवून पुतळा जाळायच्या सणाला, हा वास सुटला की गल्लीतली पोरं दाराशी जमायची, भांडं खरवडायला मिळावं म्हणून भांडायची. आज परसात कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"दार लाव," टेबलापाशी बसलेला क्लिफ, तिचा नवरा, म्हणाला. "आणि या वर्षी राहू दे ती टॉफी."

"का? टॉफीपण संपावर आहे का?"

क्लिफला बोलायला तोंड तरी कुठं होतं? मार्चपासून कोळशाची खाण बंद होती. अख्खी गल्ली संपावर, सामुदायिक स्वयंपाकाचं सूप पिऊन दिवस काढत होती, आणि गेल्या सोमवारी पहाटे हा गडी दगड लागू नयेत म्हणून जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून, पोलिसांच्या पहाऱ्यात, कामावर गेला. गल्लीतला पहिला. तेव्हापासून मेव्हिसशी कुणी बोललं नव्हतं. ती दुकानात शिरली की बायका रांग सोडून बाहेर पडायच्या.

"लग्न होऊन आले तेव्हापासून इथल्या पोरांना मीच टॉफी खाऊ घालतेय," ती म्हणाली. "लोक तुझ्यावर चिडलेत. माझ्या टॉफीवर कशाला चिडतील?"

"तुला खरंच असं वाटतं?"

"वाटायलाच हवं. मला इथंच राहायचंय, क्लिफ. दुसरीकडं कुठं जाऊ मी?"

पुढचा थेंब पाण्यात पडताच कडक झाला आणि दाताखाली कट्कन मोडला. तिनं लोणी चोपडलेल्या ट्रेमध्ये पाक ओतला.

तो थिजेपर्यंत बाहेर अंधार पडला. ती छोट्या हातोडीनं तुकडे करत होती, तेवढ्यात मागच्या बोळातून चाकांची करकर ऐकू आली. पोरं आज जाळायचा पुतळा ढकलगाडीतून मैदानाकडं नेत होती. दरवर्षी गाडी पहिल्यांदा मेव्हिसच्या दारात थांबायची. तिनं पुतळ्याचं कौतुक करायचं, टॉफी द्यायची, मग वरात पुढं. आज गाडी थांबली नाही. पोरं बोलत नव्हती, हसतही नव्हती. दारातून पडलेल्या उजेडात पुतळ्याचं तोंड क्षणभर दिसलं. कागदी तोंडावर तारेचा चष्मा होता आणि त्याच्या एका काडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती.

क्लिफनं आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या काडीलाही तश्शीच पट्टी होती.

"पोरांचं काम नाही हे," तो म्हणाला. "कुणीतरी मोठ्या माणसानं करून दिलाय."

आता एवढं पाहिल्यावर शहाण्या बाईनं दाराला कडी घालून घरात बसावं की नाही? मेव्हिसनं कोट चढवला, तुकडे डब्यात भरले आणि डबा काखेत मारला. हट्ट म्हणा, नाहीतर भीती म्हणा. आज घरात बसलो तर उद्यापासून आपण या गल्लीचे कुणीच नाही, एवढंच तिला कळत होतं.

मैदानात लाकडांचा ढीग पेटला होता. पुतळा वर अजून शाबूत होता, खालून ज्वाळा चढत होत्या. ती जवळ जाताच गर्दी दोन्हीकडं सरकली आणि मधल्या मोकळ्या जागेत ती एकटी उरली. तिनं झाकण उघडून डबा पुढं धरला.

"टॉफी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. सगळ्यांचे हात खिशातले खिशातच राहिले. आजवर या माणसांची तिला कधी भीती वाटली नव्हती.

मग एक हात पुढं आला. शेजारच्या आयरीनची धाकटी, लीआन. सहा वर्षांच्या पोरीला कुठला कळतोय संप? तिनं तुकडा उचलून तोंडात टाकला आणि फुगलेल्या गालानं मेव्हिसकडं पाहून हसली. मेव्हिसला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"थुंक," आयरीन म्हणाली.

पोरगी आईकडं बघत राहिली. आयरीननं तिच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"थुंक म्हणते ना. फितुराच्या घरचं आहे ते."

लीआननं तो काळा ओला तुकडा आईच्या हातावर थुंकला आणि ओठ काढून रडायला लागली. गर्दीत कुणीतरी शाबासकी दिल्यासारखं हसलं. वर पुतळ्याच्या छातीला आग लागली आणि टाळ्या पडल्या.

आयरीन तरातरा पुढं आली. "निघ इथून," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली आणि मेव्हिसच्या हातातल्या डब्याचं झाकण तिनं दाणकन बंद केलं. झाकण दाबायला ती वाकली तेव्हा तिचं तोंड मेव्हिसच्या कानाशी आलं.

"आज रात्री पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत झोपू नका," ती पुटपुटली. "आणि मी बोलले म्हणून सांगू नकोस कुणाला."