स्पॅनिश गाण्याचा अर्थ

"अर्थ समजल्याशिवाय मी सही नाही करत," विनय म्हणाला आणि लतिकाचा फॉर्म त्याने टीव्हीवर ठेवून दिला.

भोपाळच्या गायन स्पर्धेचा फॉर्म होता. वडिलांची सही सोमवारच्या आत हवी होती. लतिका गाणार होती ते गाणं स्पॅनिश. मूळ गाणारी इनेस बारोन नावाची कोणी परदेशी बाई. विनयने ते फक्त भिंतीपलीकडून, लेकीच्या आवाजात ऐकलं होतं. रिछाईच्या कारखान्यात सोबतचे लोक चिडवत होते, भैया, तुमची बिटिया तर अंग्रेजीच्याही पुढे निघाली. मुलगी स्टेजवर काय गाते, हे बापाला तरी ठाऊक नको का?

अर्थ शोधायचं काम त्याच्या वडिलांकडे आलं. देवीदासजी चौतीस वर्षं फॅक्टरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. कागद पाहिल्याशिवाय ते कोणाला तारीखसुद्धा सांगत नसत. चारचौघांत बोलायची मात्र भीती. विहारात दोन शब्द बोला म्हटलं, की हात जोडून खाली बसत. आठ दिवस ते स्पॅनिश शब्दकोश घेऊन बसले होते.

रविवारी विहारातली वंदना आटोपून सगळे अधारतालच्या घरी परतले. लतिकाच्या आजीने, कलावतीबाईंनी, चहा दिला. देवीदासजींनी वही मिटूनच ठेवली आणि सांगायला लागले.

बाई मजुराची पोर. गावच्या सभेत माइक नसायचा, पण हिचा आवाज नदीपलीकडे जायचा. लोक चार कोस पायी यायचे. होता होता शहरातल्या रेडिओचं पत्र आलं. नवऱ्याने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, आपल्या घरच्या बायका असं गात नाहीत. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. लोक काय म्हणतील, एवढंच त्याच्या डोक्यात. ती भांडली नाही. तिने गाणंच सोडलं. उतारवयात पुन्हा तोंड उघडलं, ते या गाण्यासाठी.

लतिका मध्येच काहीतरी बोलणार होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, तशी तिने चहाचा कप तोंडाला लावला.

"आणि गाण्यात काय म्हणते ती?" विनयने विचारलं.

"म्हणते, माझा आवाज मेला नाही. तो घरातच होता, पीठ मळून राहिला होता. पोरींनो, आता तुम्ही गा. कोणाला विचारू नका."

बाबांचा आवाज इतका खणखणीत विनयने जन्मात ऐकला नव्हता. उद्या कारखान्यात कोणी चिडवलं, तर हेच सगळं ऐकवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. असं गाणं आपली पोर भोपाळला गाणार. त्याने फॉर्म घेतला आणि ठसठशीत सही केली.

"पण त्या नवऱ्याला काही वाटलं काहून नाही, बाबा?" पेन खिशाला लावत तो म्हणाला. "घरात एवढं सोनं, अन् त्याले ऐकू नाही आलं?"

"ते कुठं लिहून नाही," देवीदासजी खाली पाहत म्हणाले.

कलावतीबाई कप उचलायला आल्या होत्या. हातातला ट्रे त्यांनी खाली ठेवला आणि आपल्या नवऱ्यासमोर त्या ताठ उभ्या राहिल्या.

"रेडिओचं पत्र एक नव्हतं जी," त्या म्हणाल्या. "तीन होते. दोन मी तुम्हाला दाखवलेच नाही."